अरुंद कालवे, गजबजलेल्या सामुद्रधुनी आणि अवाढव्य मालवाहू जहाजं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुठल्या तरी कालव्यात जहाज अडकल्याची बातमी आली किंवा पुलाला जहाज धडकल्याचा व्हिडिओ फिरू लागला की तेच ते प्रश्न पुन्हा येतात. एवढी यंत्रं, एवढे अनुभवी लोक, आणि तरी जहाज सरळ नेता येऊ नये? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर पुष्कळदा पाण्याच्या स्वभावात सापडतं, म्हणून खाली बरीच जागा पाण्यालाच दिली आहे.

मोठं जहाज म्हणजे नेमकं किती मोठं?

आजची सगळ्यात मोठी कंटेनर जहाजं सुमारे ४०० मीटर लांब आणि ६१ मीटर रुंद असतात. वीस फुटी कंटेनर धरले तर एकेका जहाजावर २४,००० च्या आसपास मावतात.

आकारापेक्षा महत्त्वाचं आहे ते थांबणं आणि वळणं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या निकषानुसार, चाचणीच्या पूर्ण वेगात इंजिन पूर्ण उलटं फिरवल्यावर जहाज स्वतःच्या लांबीच्या १५ पट अंतरात थांबलं पाहिजे. फार जड जहाजांना २० पटींपर्यंत सवलत मिळते. ४०० मीटरच्या जहाजासाठी १५ पट म्हणजे ६ किलोमीटर झाले. वळणाच्या वर्तुळाचा व्यास लांबीच्या ५ पट चालतो, म्हणजे २ किलोमीटर. सुएझ कालव्याच्या एकेरी भागात पाण्याचा पट्टा पृष्ठभागावर जेमतेम ३०० मीटर रुंद आहे, आणि खोल जहाजाला वापरता येईल असा भाग त्याहून अरुंद. वळून परत जाण्याचा विचारही तिथे करता येत नाही. कालव्यात पुरेसा हळू वेग असतो, त्यामुळे थांबायला ६ किलोमीटर लागत नाहीत, पण काही जहाजलांब्या तरी लागतातच.

कालव्यात जहाज खुल्या समुद्रापेक्षा वेगळं का वागतं?

जहाज पुढे सरकतं तेव्हा त्याने बाजूला सारलेलं पाणी मागची जागा भरायला परत यावं लागतं. खुल्या समुद्रात त्या पाण्याला चहूकडून वाट असते. कालव्यात मात्र जहाज इंजेक्शनच्या नळीतल्या दट्ट्यासारखं बसलेलं असतं. पाण्याला मागे जायला उरते ती फक्त जहाजाच्या दोन्ही बाजूंची आणि तळाखालची फट. एवढ्याशा जागेतून जायचं म्हणून पाणी वेगाने धावतं, आणि वेगाने धावणाऱ्या पाण्याचा दाब कमी होतो. यातून तीन गोष्टी घडतात.

पहिली म्हणजे जहाज खाली बसतं. याला स्क्वॉट म्हणतात. हे बसणं वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, आणि नवख्याला नेमकं तेच लक्षात येत नाही. धान्य-कोळशासारखा सुटा माल नेणाऱ्या भरलेल्या बल्क कॅरिअरसाठी ढोबळ सूत्र लावलं, तर अरुंद पाण्यात ८ नॉट (१ नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) वेगाला तळ सुमारे १ मीटर खाली जातो, आणि १२ नॉटला सुमारे २.३ मीटर. वेग दीडपट झाला, बसणं सव्वादोनपट झालं. तळाखाली दोन मीटर पाणी आहे असं समजून कोणी वेग वाढवला तर जहाज स्वतःच्याच वेगामुळे तळाला टेकेल. पोट फुगीर असलेली जहाजं बहुधा पुढून जास्त बसतात आणि निमुळत्या घडणीची मागून.

दुसरी गोष्ट काठाची. जहाज एका काठाच्या जवळ सरकलं की पुढच्या टोकाशी दाबलेलं पाणी त्याला काठापासून दूर लोटतं, आणि मागच्या टोकाशी कमी झालेला दाब ते टोक काठाकडे ओढून घेतो. परिणामी जहाजाचं नाक समोरच्या काठाकडे वळू पाहतं. ते रोखायला सुकाणू जवळच्या काठाच्याच दिशेने धरून ठेवावं लागतं. भिंतीजवळ गेल्यावर हात भिंतीकडेच वळवायचा हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. शिवाय काठ मध्येच संपला, म्हणजे एखादा फाटा किंवा तलाव आला, की ती ओढ एकदम नाहीशी होते. सुकाणू तसंच धरून ठेवलेलं असेल तर जहाज सुकाणूच्या बाजूला झेपावतं. अशी ठिकाणं पायलटला, म्हणजे त्या पाण्याच्या स्थानिक वाटाड्याला, पाठ असतात आणि तिथे पोचण्याआधीच तो सुकाणू सैल करायला सांगतो.

तिसरी गोष्ट, दोन जहाजांमधली ओढ. समोरून येणारं जहाज झर्रकन निघून जातं, त्यामुळे धक्का थोडक्यात आटोपतो. ओलांडून जाताना मात्र दोन्ही जहाजं बराच वेळ शेजारी असतात आणि एकमेकांकडे खेचली जातात. २० सप्टेंबर १९११ रोजी इंग्लंडच्या दक्षिणेला सोलंटच्या अरुंद पाण्यात ऑलिंपिक हे प्रचंड प्रवासी जहाज आणि हॉक ही युद्धनौका यांची टक्कर झाली. ऑलिंपिकच्या ओढीने हॉक तिच्याकडे खेचली गेली असा युक्तिवाद नौदलाने केला आणि न्यायालयाने दोष ऑलिंपिकच्या माथी मारला. आजही बहुतेक कालव्यांत ओलांडायला मनाई किंवा कडक मर्यादा असते, त्यामागे हेच कारण आहे.

मग अगदी हळू गेलं की झालं, नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो विचारणाऱ्याची दिशा बरोबर असते. हळू जाणं हाच पहिला उपाय आहे. पण त्याला खालची मर्यादा आहे.

सुकाणूवरून पाणी वाहत असेल तोवरच सुकाणू काम करतं. वेग फार उतरला की चाक कितीही फिरवा, जहाज ऐकत नाही. त्यात मोठ्या जहाजांचं इंजिन थेट पंख्याला जोडलेलं असतं. सगळ्यात कमी फेऱ्यांवरही, म्हणजे ज्याला ‘डेड स्लो अहेड’ म्हणतात त्यावरही, काही जहाजं ६ ते ८ नॉटने पुढे जातात. उलटं जायचं तर इंजिन आधी बंद करून उलट्या दिशेने पुन्हा सुरू करावं लागतं. तेवढ्या वेळात सुकाणूवर पंख्याचं पाणी येत नाही आणि जहाज आपल्या मनाने वळू लागतं.

याहून मोठी अडचण वाऱ्याची. डेकवर आठ-दहा थर कंटेनर रचलेले असले की जहाजाची बाजू म्हणजे शेकडो मीटर लांबीचं शीड होतं. बाजूने वारा लागला तर जहाज सरळ राहण्यासाठी थोडं तिरपं चालवावं लागतं. ४०० मीटर लांब आणि ५९ मीटर रुंद जहाज फक्त ५ अंश तिरपं चाललं, तर ते ५९ ऐवजी सुमारे ९४ मीटर रुंदी व्यापतं. तिरपेपणा कमी करायचा तर वेग वाढवावा लागतो. वेग वाढवला की स्क्वॉट आणि काठाची ओढ वाढते. कालव्यातलं नौकानयन बरंचसं याच कात्रीत चालतं.

यातून सुटायची एक जुनी युक्ती आहे. सुकाणू पूर्ण एका बाजूला नेऊन इंजिनाला क्षणभर जोर द्यायचा आणि लगेच काढून घ्यायचा. सुकाणूवर पाण्याचा जोराचा झोत येतो, जहाज वळतं, आणि वेग वाढण्याआधीच जोर संपलेला असतो. पुढच्या टोकाला बसवलेले आडवे पंखे, म्हणजे बो थ्रस्टर, इथे कामी येतील असं अनेकांना वाटतं. पण ४-५ नॉटच्या वर गेल्यावर त्यांचा उपयोग फारसा उरत नाही. ते धक्क्याला लागतानाचं साधन आहे.

पायलट म्हणजे कोण? तो आल्यावर कॅप्टनचं काम संपतं का?

पायलट हा त्या विशिष्ट पाण्याचा जाणकार असतो. कुठे गाळ साठलाय, कुठल्या वळणावर प्रवाह आडवा मारतो, भरतीच्या कितव्या तासाला कुठून जायचं, हे त्याला ठाऊक असतं. बहुतेक पायलट आधी स्वतः जहाजावर अधिकारी किंवा कॅप्टन म्हणून काम केलेले असतात.

जगभरातला सर्वसाधारण नियम असा की पायलट सल्लागार असतो आणि जबाबदारी कॅप्टनची राहते. प्रत्यक्षात सुकाणूचे आणि इंजिनाचे हुकूम पायलटच देतो, आणि कॅप्टन व त्याचे अधिकारी त्यावर नजर ठेवतात. काही चुकतंय असं वाटलं तर कॅप्टनला हस्तक्षेप करता येतो, करावाच लागतो. पनामा कालवा हा ठळक अपवाद आहे. तिथे जहाजाच्या हालचालीचा ताबा पायलटकडेच असतो.

पायलट ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या वरच्या खोलीत, आला की आधी कागद होतात. जहाजाची लांबी, ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती खोल बुडतं ते), सुकाणूचा प्रकार, कुठल्या फेऱ्यांवर किती वेग, काही नादुरुस्त आहे का, हे कॅप्टन सांगतो. पायलट आपला बेत सांगतो: कुठे टग (मोठ्या जहाजाला ओढणारी-ढकलणारी लहान ताकदवान बोट) घेणार, कुठे समोरून कोण येणार, कुठे वेग उतरवणार. ही दहा मिनिटं घाईत उरकली जातात अशी तक्रार या व्यवसायात जुनी आहे. माझं स्पष्ट मत आहे की अरुंद पाण्यातल्या सुरक्षेतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच आहे.

चालत्या जहाजावर पायलट चढतो कसा?

दोराच्या शिडीने. एवढं तंत्रज्ञान आल्यावरही बहुतेक ठिकाणी हेच चालतं. पायलटची लहान बोट जहाजाच्या वाऱ्यापासून आडोशाच्या बाजूला येते, दोन्ही नौका एकाच वेगाने चालतात, बोट लाटेवर वर आली की पायलट शिडी पकडतो आणि ताबडतोब वर सरकतो, कारण पुढच्या लाटेला बोट पाय चिरडू शकते.

म्हणून शिडीचे नियम बारीक आहेत. खालच्या चार पायऱ्या रबराच्या चालतात. खालून पाचवी पायरी लांब फळीची असावी लागते, म्हणजे शिडी पीळ खाऊन उलटी होत नाही. चढ ९ मीटरपेक्षा जास्त असेल तर नुसती शिडी चालत नाही, जहाजाचा तिरका जिना आणि शिडी जोडून लावावी लागते. तरीही चुकीच्या गाठी, कुजलेले दोर आणि नीट न बांधलेल्या शिड्या यांमुळे पायलट पडतात, काही जिवानिशी जातात. शिडी बांधणाऱ्या खलाशाने ती स्वतः चढायची आहे असं समजून बांधावी.

त्या वेळी ब्रिजवर नेमकं काय चालू असतं?

बाहेरून पाहणाऱ्याला काहीच घडत नाहीये असं वाटेल. पायलट काचेपाशी उभा, सुकाणूवर एक खलाशी, शेजारी कॅप्टन, एक अधिकारी रडार आणि इलेक्ट्रॉनिक नकाशावर. पुढच्या टोकाला दोन-तीन माणसं नांगराजवळ तयार, कारण इंजिन गेलं तर नांगर हाच शेवटचा ब्रेक असतो.

पायलट म्हणतो, ‘स्टारबोर्ड टेन’, म्हणजे सुकाणू उजवीकडे १० अंश. सुकाणूवरचा खलाशी मोठ्याने तेच म्हणतो, ‘स्टारबोर्ड टेन’, आणि चाक फिरवतो. सुकाणू १० अंशावर पोचलं की तो पुन्हा सांगतो. अधिकाऱ्याची नजर छताजवळच्या सुकाणूच्या काट्यावर असते. काटा उजवीकडेच गेला ना हे तो पाहतो. उजवं सांगितलं आणि डावं फिरलं, असं थकलेल्या माणसाकडून होतं, आणि काही सेकंदांत ध्यानात आलं तर त्याने काही बिघडत नाही. सगळी मदार त्या मोठ्याने बोलण्यावर आहे. वेगवेगळ्या देशांचे लोक एकाच ब्रिजवर असतात, म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये ठरावीक वाक्यांचा संच मंजूर केला. हुकूम त्याच साच्यात द्यायचे आणि तसेच परत म्हणायचे.

सुएझमधून जाताना काय काय होतं?

१८६९ मध्ये सुरू झालेला हा कालवा सुमारे १९३ किलोमीटर लांब आहे आणि त्यात एकही लॉक (पाणी भरून किंवा सोडून जहाज वर-खाली नेणारा, दारं असलेला हौद) नाही, कारण दोन्ही टोकांच्या समुद्रांच्या पातळीत फारसा फरक नाही. जहाजं ताफ्याने जातात, एक ताफा उत्तरेकडून आणि एक दक्षिणेकडून. २०१५ मध्ये ३५ किलोमीटरचा नवा समांतर मार्ग खुला झाला. दोन्ही ताफे एकमेकांना भेटतात ते अशा दुहेरी भागात किंवा वाटेतल्या ग्रेट बिटर लेक या सरोवरात.

वाटेत इस्माइलियाला पायलट बदलतात. काठाला बांधायची वेळ आली तर दोर नेण्यासाठी लहान होड्या आणि त्यांचे खलाशी जहाजावर सोबत घेतले जातात. रात्रीसाठी पुढच्या टोकाला खास प्रखर दिवा लागतो. पुढच्या जहाजाशी अंतर आणि ठरवून दिलेला वेग दोन्ही सांभाळायचे असतात. एकूण १२ ते १६ तास लागतात, आणि बहुतेक कॅप्टन त्यातला फार थोडा वेळ ब्रिज सोडतात.

किती मोठं जहाज जाऊ शकतं हे रुंदी आणि ड्राफ्ट मिळून ठरतं. ५० मीटरपर्यंत रुंद असेल तर २०.१ मीटर ड्राफ्ट चालतो. रुंदी वाढत गेली की परवानगीचा ड्राफ्ट कमी होत जातो, ७७.५ मीटर रुंदीला तो १२.२ मीटर आहे.

एव्हर गिव्हन अडकलं कसं आणि निघालं कसं?

२३ मार्च २०२१ ची सकाळ. एव्हर गिव्हन हे जवळपास ४०० मीटर लांब आणि ५९ मीटर रुंद कंटेनर जहाज, सुएझमधून उत्तरेकडे निघालेलं, पायलट ब्रिजवर, सगळे २५ खलाशी भारतीय. वाळू उडवणारा जोराचा वारा. जागा ग्रेट बिटर लेकच्या दक्षिणेची, जिथे तेव्हा एकच पट्टा होता. एआयएस, म्हणजे जहाजं आपलं स्थान आणि वेग आपोआप कळवतात त्या यंत्रणेच्या नोंदींत अडकण्याआधीचा वेग १२ नॉटच्याही वर दिसतो, म्हणजे कालव्याच्या नेहमीच्या मर्यादेच्या बराच पुढे.

वर सांगितलेली कात्री इथे पुरती दिसते. वारा जहाजाला ढकलतोय, ताबा राहावा म्हणून वेग, वेगामुळे काठाची ओढ, ती मोडायला सुकाणू पूर्ण एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. जहाज एका काठाकडून दुसऱ्याकडे झोके घेत गेलं आणि नाक पूर्वेच्या काठात, शेपूट पश्चिमेच्या काठाला अशा अवस्थेत रुतलं. लांबी कालव्याच्या रुंदीपेक्षा जास्त असल्याने वाट पूर्ण बंद झाली.

सहा दिवस लागले. मशहूर या ड्रेजरने नाकाजवळची सुमारे ३०,००० घनमीटर वाळू उपसली, डझनभर टग ओढत राहिले, आणि २८ मार्चच्या पौर्णिमेनंतरच्या मोठ्या भरतीने हातभार लावला. २९ तारखेला जहाज सुटलं. तोवर साडेतीनशेहून जास्त जहाजं दोन्ही बाजूंना खोळंबली होती. नंतर कालव्याचा दक्षिण भाग ४० मीटरने रुंद आणि अधिक खोल करण्याचं काम हाती घेण्यात आलं.

एकट्या पायलटला किंवा एकट्या कॅप्टनला दोषी धरणं सोपं आहे, पण त्याने पुढच्या जहाजाला काही उपयोग नाही. एवढ्या वाऱ्यात एवढ्या मोठ्या बाजूचं जहाज आत न्यायचं की बाहेर नांगरून ठेवायचं, हा निर्णय कालव्याच्या तोंडाशीच घ्यावा लागतो. आत शिरल्यावर हातात फारच थोडं उरतं.

पनामात लॉक का लागतात?

तिथे मध्ये डोंगर आहे. चाग्रेस नदीवर धरण बांधून गाटुन तलाव केला आणि जहाजांना समुद्रसपाटीपासून सुमारे २६ मीटर वर चढवून तलावातून नेऊन पलीकडे उतरवायचं ठरलं. १५ ऑगस्ट १९१४ पासून हेच चालू आहे. लॉक भरायला पंप लागत नाहीत, तलावाचं पाणी आपल्या उताराने खाली येतं.

जुन्या लॉकची रुंदी ३३.५३ मीटर आणि त्यांत मावणाऱ्या पनामॅक्स जहाजाची ३२.३१. म्हणजे प्रत्येक बाजूला हिशेबाने ६१ सेंटिमीटर. जहाज स्वतःच्या इंजिनाने पुढे जातं, आणि दोन्ही भिंतींवर रुळांवरून चालणारी इंजिनं तारांनी त्याला मधोमध धरून ठेवतात. २६ जून २०१६ रोजी सुरू झालेले नवे लॉक ५५ मीटर रुंद आहेत. तिथे ही इंजिनं नाहीत. पुढे एक आणि मागे एक टग लॉकमध्ये जहाजासोबत शिरतात. पायलटांना त्याचा वेगळा सराव करावा लागला.

तलावाचं पाणी गोडं, त्यामुळे खाऱ्या पाण्यातल्यापेक्षा जहाज थोडं जास्त बुडतं. पनामाच्या ड्राफ्टच्या मर्यादा गोड्या पाण्यातल्याच दिलेल्या असतात. माल भरतानाच हा हिशेब करावा लागतो.

पाऊस कमी पडला तर कालवा बंद पडतो का?

बंद नाही, पण आखडतो. प्रत्येक जहाजामागे तलावाचं गोडं पाणी समुद्रात जातं. नव्या लॉकना जोडलेल्या टाक्यांमुळे सुमारे ६० टक्के पाणी पुन्हा वापरता येतं, तरी उरलेलं जातंच. २०२३ च्या दुष्काळात दिवसाला साधारण ३६ जहाजांची संख्या उतरत जाऊन डिसेंबर २०२३ मध्ये २२ वर आली, आणि नव्या लॉकमधला ड्राफ्ट १५.२ मीटरवरून १३.४१ मीटर केला गेला. ड्राफ्ट घटला म्हणजे तेवढा माल कमी भरायचा किंवा कंटेनर एका टोकाला उतरवून दुसरीकडे न्यायचे.

कील कालव्याबद्दल फारसं ऐकू येत नाही. तो लहान आहे का?

सुमारे ९८ किलोमीटरचा, १८९५ पासूनचा, उत्तर समुद्र आणि बाल्टिक जोडणारा. जहाजांच्या संख्येने जगातल्या सगळ्यात गर्दीच्या कालव्यांत तो मोडतो, फक्त सुएझइतकी मोठी जहाजं तिथे मावत नाहीत. समोरासमोर येणाऱ्या मोठ्या जहाजांना थांबायला ठरावीक रुंद जागा आहेत. मोठ्या जहाजांवर पायलटबरोबर कालव्याचे स्वतःचे सुकाणूधारी चढतात. काठाची ओढ हाताला कळणारा माणूस चाकावर हवा, हे तिथे शंभर वर्षांपूर्वीच ओळखलं गेलं.

सामुद्रधुनीत रस्त्यासारखे पट्टे असतात म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. नकाशावर जाण्या-येण्याचे वेगळे पट्टे आखलेले असतात आणि मध्ये दुभाजक क्षेत्र. पहिला असा मार्ग १९६७ मध्ये डोव्हरच्या सामुद्रधुनीत आखला गेला, पण तो पाळणं ऐच्छिक होतं.

मग जानेवारी १९७१ आला. टेक्साको कॅरिबियन हे टँकर टक्कर होऊन तिथे बुडालं. दुसऱ्याच दिवशी ब्रँडेनबर्ग हे जहाज त्याच्या अवशेषांवर आदळून बुडालं. अवशेषांवर इशाऱ्याचे दिवे आणि बोये लावूनही फेब्रुवारीत निकी हे तिसरं जहाज तिथेच आदळलं आणि त्यावरचे सगळे गेले. तिन्ही मिळून ५१ माणसं. त्यानंतर ऐच्छिकपणाला अर्थ उरला नाही. १९७२ चे टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १५ जुलै १९७७ पासून लागू झाले आणि पट्टे पाळणं बंधनकारक झालं. पट्टा ओलांडायचाच असेल तर जमेल तितकं काटकोनात ओलांडायचं, म्हणजे इतरांना तुमची दिशा लगेच कळते आणि तुम्ही पट्ट्यात कमीत कमी वेळ राहता.

मलाक्का आणि बॉस्फरस यांत जास्त अवघड कोणता?

दोन्हींची जात वेगळी. मलाक्का आठशे किलोमीटरच्या आसपास लांब, सिंगापूरजवळ फिलिप्स चॅनेलमध्ये जेमतेम २.८ किलोमीटर रुंद, आणि काही ठिकाणी उथळ. खोल ड्राफ्टच्या जहाजांनी तळाखाली किमान ३.५ मीटर पाणी ठेवायचं असतं, म्हणून भरतीची वेळ साधून निघावं लागतं. जे जहाज मावतच नाही ते लोम्बोकच्या सामुद्रधुनीने लांबून जातं. तिथला खरा शत्रू कंटाळा आणि थकवा: तासन्‌तास टग, बार्ज, मासेमारीच्या होड्या आणि आडव्या जाणाऱ्या फेरी.

बॉस्फरस फक्त ३१ किलोमीटर. पण सगळ्यात चिंचोळ्या जागी सुमारे ७०० मीटर, दोन्ही काठांवर इस्तंबूल, आणि वळणं इतकी तीव्र की पलीकडून येणारं जहाज दिसत नाही. वरचा प्रवाह काळ्या समुद्राकडून दक्षिणेला वाहतो आणि खालून उलटा. वळणावर जहाजाचं नाक एका प्रवाहात आणि शेपूट दुसऱ्यात असं होतं. फार मोठं जहाज यायचं असेल तर समोरची वाहतूक थांबवतात. माझ्या मते बॉस्फरस अवघड. मलाक्कात निदान चूक ओळखायला चार मिनिटं मिळतात.

लहान होडीने मोठ्या जहाजाला वाट द्यायची की उलट?

अरुंद जलमार्गात २० मीटरपेक्षा लहान नौका, शिडाच्या नौका आणि मासेमारी करणाऱ्या नौका यांनी फक्त त्याच मार्गातून जाऊ शकणाऱ्या जहाजाला अडथळा करायचा नसतो. ड्राफ्टमुळे मार्ग सोडू न शकणारं जहाज रात्री एकावर एक तीन लाल दिवे लावतं आणि दिवसा काळा दंडगोल. तो दिसला की समजावं, हे जहाज बाजूला होऊच शकत नाही. कंटेनर जहाजाच्या पुढ्यात काही शे मीटर पाणी ब्रिजवरून दिसतच नाही, हेही होडीवाल्यांनी ध्यानात ठेवावं.

भोंग्यांचे अर्थ काय?

वळणापलीकडचं दिसत नसेल तर एक लांब. उजव्या बाजूने ओलांडायचंय, दोन लांब एक आखूड; डाव्या बाजूने, दोन लांब दोन आखूड. पुढच्याची संमती असेल तर तो लांब-आखूड-लांब-आखूड असं उत्तर देतो. पाच किंवा अधिक आखूड भोंगे म्हणजे तुमचा बेत मला कळत नाही किंवा तुम्ही पुरेसं करत नाही आहात.

इंजिन किंवा वीजच गेली तर?

हाच सगळ्यात वाईट प्रसंग. वीज गेली की सुकाणू फिरवणारे पंप थांबतात. आणीबाणीचा जनरेटर सुरू होतो, पण त्यात सेकंद जातात आणि मुख्य इंजिन त्याने चालत नाही.

२६ मार्च २०२४ च्या पहाटे बाल्टिमोरमधून निघालेल्या डाली या सुमारे ३०० मीटर लांब जहाजाची वीज दोनदा गेली. धक्क्यावरून काढणारे टग तोवर परत गेले होते. पायलटने सुकाणूचे हुकूम दिले, नांगर टाकायला सांगितला, आणि पुलावरची वाहतूक थांबवण्यासाठी संदेश धाडला. पोलिसांनी गाड्या रोखल्या. जहाज फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर गेलं, पूल कोसळला आणि त्यावर काम करणारे सहा मजूर गेले. तो संदेश गेला नसता तर आणखी किती, याची कल्पनाही करवत नाही.

यावर उपाय जहाजाच्या बाहेर आहेत. पुलांच्या खांबांभोवती भक्कम संरक्षण, आणि धोक्याच्या टप्प्यापर्यंत मागच्या टोकाला बांधलेला टग. खर्च वाढतो म्हणून टग लवकर सोडण्याकडे कल असतो. मला तो हिशेब पटत नाही.

जीपीएस, एआयएस, इलेक्ट्रॉनिक नकाशे असताना माणसं कशाला?

ही साधनं उत्तम आहेत आणि त्यांनी असंख्य जीव वाचवले आहेत. पण जीपीएस जहाज कुठे आहे ते सांगतं. पुढच्या मिनिटाला पाणी त्याला कुठे ओढणार हे सांगत नाही. एआयएसवर दुसऱ्या जहाजाने चुकीची माहिती भरलेली असू शकते, लहान होड्यांवर तो नसतोच, आणि जीपीएसचा सिग्नल जाणूनबुजून बिघडवण्याचे प्रकारही होतात. किनाऱ्यावरचं वाहतूक नियंत्रण केंद्र माहिती आणि सूचना देतं, सुकाणू त्यांच्या हातात नसतं. म्हणून पायलट अजूनही एका रेषेत येणारे काठावरचे दोन दिवे पाहतो. वरचा दिवा खालच्याच्या उजवीकडे सरकला की जहाज मधल्या रेषेच्या उजवीकडे गेलं, हे त्याला कुठल्याही पडद्याआधी कळतं.

हे शिकवतात कसं? खऱ्या जहाजावर चुकायची सोय नाही.

सिम्युलेटर आता सगळीकडे आहेत. पण त्याहून वेगळी एक पद्धत आहे. फ्रान्समधल्या पोर्ट रेव्हेलच्या तलावात खऱ्याच्या १/२५ आकाराची जहाजं आहेत. आत माणूस बसतो आणि ती चालवतो. उथळ भाग, कालवा, प्रवाह, सगळं त्याच प्रमाणात बांधलेलं आहे. आकार २५ पट लहान झाला की घटना ५ पट वेगाने घडतात, त्यामुळे खऱ्या जहाजावर पाच मिनिटांत उलगडणारी चूक तिथे एका मिनिटात अंगावर येते. पडद्यावर काठाची ओढ गणिताने दाखवलेली असते; तलावात ती खऱ्या पाण्याची असते. अनुभवी कॅप्टनही पहिल्यांदा त्या कालव्यात शिरल्यावर काठाला लागतात, टगने ओढून काढले जातात आणि पुन्हा तोंडापाशी येऊन आधीपेक्षा कमी वेगाने आत शिरतात.